टेकडीवरचा वणवा आणि घाणेरीचे रान : वाचकांचे प्रश्न

शहरालगतच्या टेकड्या, वनउद्याने आणि मोठ्या सार्वजनिक बागा यांतील वणवे आणि तेथे माजलेला परदेशी झाडोरा यांविषयी या वेळी इतकी पत्रे आली की, सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेक पत्रे पुण्याची असल्यामुळे उत्तरेही पुण्याच्या टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांनी महिने आणि झाडांची नावे आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावीत.

प्रश्न : आम्ही पंधरा-वीस जण रोज पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जातो. दरवर्षी जानेवारी ते मे या काळात टेकडीचा कोणता ना कोणता भाग जळतोच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लावलेली चाळीसएक रोपे एका दुपारीच गेली. यंदा आधीपासून तयारी करायची असे आम्ही ठरवले आहे. कामाला नेमकी कोठून सुरुवात करावी? (कोथरूड, पुणे)

उत्तर : सुरुवात गवतापासून करावी आणि ती ऑक्टोबर संपता संपता करावी. जानेवारीत जाग आली तर निम्मी संधी हातची गेलेली असते.

आपल्या टेकड्यांवर वणवा आपोआप लागत नाही. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत आकाशात वीज क्वचितच असते आणि एप्रिल-मेमध्ये ती येते तेव्हा बहुधा वळवाचा पाऊस सोबत घेऊनच येते. बांबू एकमेकांवर घासून रान पेटते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पण ज्या उतारांवर बांबूचे बेटच नाही, तेथे तिचाही आधार घेता येत नाही. टाकून दिलेली विडी, रात्रीच्या पार्टीची विझली असे वाटलेली चूल, पायथ्याशी पेटवलेला कचरा किंवा जुने गवत जाळले की नवे जोमाने येते या समजुतीने मुद्दाम लावलेली काडी, यांपैकी काहीतरी मुळाशी असते असे धरून चालावे. काडी टाकणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवणे पंधरा-वीस जणांना जमणारे नाही. ठिणगी पडली तरी आग फार लांब जाऊ नये, एवढी व्यवस्था मात्र त्यांना करता येते.

वणव्याला पळवते ते करंगळीहून बारीक असलेले वाळके : गवताची काडी, पान, काटकी. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतला दमटपणा तासाभरात शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की तितक्याच वेळात सोडूनही देते. पहाटे सहाला आपले बूट ज्या गवतातल्या दवाने ओले होतात, तेच गवत दुपारी एक वाजता एका ठिणगीने पेटते, ते यामुळे. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना टेकडी एरवी कधी धोक्याची वाटत नाही, कारण भर दुपारची टेकडी त्यांनी पाहिलेलीच नसते. फेब्रुवारीत एकदा दुपारी दोनच्या सुमारास नेहमीच्याच वाटेने चालून यावे आणि कोणत्या भागात गवत सलग आहे, कोठे ते झुडपांना भिडले आहे, कोठे खडक किंवा रस्ता त्याला तोडतो, हे कागदावर टिपून घ्यावे. पुढच्या वर्षीच्या कामाचा तोच नकाशा होईल.

गवताच्या सलग पट्ट्यात मुद्दाम पाडलेला खंड म्हणजे जाळरेषा. वनखाते अशा रेषा सहा किंवा बारा मीटर रुंदीच्या काढते. दोन्ही कडांचे गवत आधी कापून घेतात, ते वाळले की मधला पट्टा दवाच्या किंवा संध्याकाळच्या वेळी, माणसे दोन्ही बाजूंना उभी करून जाळतात आणि पुढे पाने गळू लागली की ब्लोअरने किंवा झाडूने रेषा पुन्हा पुन्हा साफ करतात. जाळण्याचे काम नागरिकांनी करायचे नाही, हे येथेच स्पष्ट सांगतो. नागरिकांनी करण्यासारखे काम आहे ते पायवाटांचे. आधीच असलेल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत तीन-तीन मीटर कापून, दाताळ्याने ओढून बाहेर नेले की कमी श्रमांत चांगली रेषा तयार होते. कापलेले गवत जागीच पसरून ठेवले तर ती जाळरेषा होत नाही. ते फक्त आडवे पडलेले सरपण असते.

रेषा कोठे काढावी हे उतार पाहून ठरवावे. ज्वाळा चढाच्या बाजूला झुकतात आणि वरचे गवत पेटण्याआधीच तापवून, वाळवून ठेवतात, म्हणून आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. म्हणून पायथ्याजवळ, वस्तीच्या आणि रस्त्याच्या बाजूला एक रेषा हवीच, कारण बहुतेक आगी तेथून वर चढतात. दुसरी रेषा माथ्यावर किंवा धारेवर ठेवावी, कारण तेथे चढ संपतो आणि आगीचा जोरही ओसरतो. भर चढावर, उताराच्या मध्यावर काढलेली अरुंद रेषा आग सहज ओलांडते. वेळ थोडा असेल तर तिच्यावर घाम गाळू नये.

वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो, पण पुण्याच्या टेकड्या डिसेंबरातच पेटण्याजोग्या होतात. गवत फुलोऱ्यावर असताना, म्हणजे कुसळ पक्के होण्याआधी कापले तर गुरे ते आवडीने खातात आणि गोठेवाले स्वतः येऊन घेऊन जातात. उशीर केला की त्याच गवताला कोणी हात लावत नाही, ते टेकडीवरच उभे राहते आणि मग जळते. जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची आणि महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. हातात विळे घेतलेली वीस माणसे पाहून वनरक्षकाने हटकले, तर त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. सगळी टेकडी तासून काढू नये. विरळ झाडे आणि त्यांच्यामध्ये गवत हेच आपल्या टेकड्यांचे मूळचे रूप आहे आणि तित्तर, लावे, चंडोल यांची घरटी त्या गवतात जमिनीवर असतात. पट्टे कापावेत, मधले गवत राहू द्यावे. शिवाय आपल्या मोज्यांत घुसणारे कुसळ एकदा ओल्या बोटांवर ठेवून पाहा. ओल लागताच त्याची पिळलेली शेपटी उलगडत फिरते आणि टोक रुतू लागते. याच युक्तीने ते बी जमिनीत शिरते आणि वरून वणवा गेला तरी सुरक्षित राहते. वरचेवर जाळलेल्या उतारांवर इतर गवते मागे पडून कुसळीच वाढत जाते, त्यामुळे जाळल्याने चारा सुधारतो हा समज उलटा ठरतो.

आपली रोपे का गेली याचा एक अंदाज पत्रावरून येतो. आपण लिहिता की, ओल टिकावी म्हणून रोपांच्या बुडाशी वाळके गवत आणि पालापाचोळा घातला होता आणि भोवती हिरवी जाळी बांधली होती. ओल टिकवण्याची ही पद्धत परसबागेत उत्तम आहे. वणव्याच्या जागी मात्र तिने रोपाभोवती शेकोटी रचल्यासारखे होते. गवताची आग एका जागी मिनिटभरही थांबत नाही, पण आळ्यातला पालापाचोळा बराच वेळ धुमसतो आणि बुंध्याची साल शिजवून टाकतो. दिवाळीनंतर आळ्याभोवतीचे एक मीटरचे वर्तुळ पूर्ण उघडे करावे आणि आच्छादनासाठी टेकडीवर फुकट मिळणारे दगड वापरावेत. दगडांखालीही ओल टिकते.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये आमच्या मंडळाने श्रमदान करून टेकडीच्या एका अंगाची अर्धा एकर घाणेरी कोयत्याने बुडापासून छाटली. पावसाळा संपेपर्यंत ती पूर्वीपेक्षा दाट झाली. काही सदस्य म्हणतात तणनाशक मारावे, काही म्हणतात जाळून टाकावी. काय करावे? (सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : दोन्ही करू नये. घाणेरी छाटणे ही तिची मशागतच आहे, आणि आपण ती योग्य हंगामात केलीत!

कोणी टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली वनस्पती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली आणि आज देशातले क्वचितच एखादे शुष्क पानझडी जंगल तिच्यावाचून असेल. पाने विषारी असल्यामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत, काळी-जांभळी फळे बुलबुलांना आवडतात आणि तेच तिचे बी सगळीकडे नेतात. वणव्याच्या दृष्टीने तिचा दोष वेगळाच आहे. एखादी जुनी जाळी फांद्या बाजूला सारून आतून पाहा. वरचे चार बोटे आवरण हिरवे असते आणि त्याच्या आत माणूसभर उंचीचा वाळक्या काटक्यांचा पोकळ ढीग असतो. गवताची आग गुडघ्याएवढी. ती या ढिगात शिरली की डोक्यावर जाते आणि शेजारच्या झाडाच्या शेंड्याला हात घालते. म्हणजे जी आग एरवी झाडांच्या बुंध्यांवरून काळी रेघ ओढून निघून गेली असती, ती झाडच मारून जाते. मग झाड मेल्यामुळे ऊन खाली येते आणि जळलेल्या बुडख्यातून नवे धुमारे फोडणाऱ्या घाणेरीला आणखी जागा मिळते. जाळून टाकण्याच्या सूचनेचे उत्तर यातच आले. तणनाशकाबद्दल एवढेच की, ज्या उतारावरचे पाणी ओढ्यात जाते आणि जेथे लोक मुलांना घेऊन फिरतात, तेथे ते फवारणे मला मान्य नाही.

घाणेरीचे नवे कोंब फुटतात ते खोड आणि मूळ जेथे मिळतात त्या गाठीसारख्या भागातून. तो भाग जमिनीत राहिला तर वर कितीही छाटा, ती येणारच. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी याच निरीक्षणावरून एक साधी पद्धत बसवली आणि ती कॉर्बेटसारख्या ठिकाणी वापरली गेली. आधी झुडपाच्या बुडाशी जाता येईल एवढ्या कडेच्या फांद्या तोडाव्यात. मग अरुंद पात्याच्या कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडावे आणि सगळे झुडूप उचलून मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे. मुळांना माती लागली नाही की ते वाळते. संपूर्ण मूळ खणून काढण्याची गरज नसल्यामुळे माती फार हलत नाही आणि उतारावर या गोष्टीला मोठी किंमत आहे. हे काम मार्चमधल्या खडकासारख्या जमिनीत होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, माती मऊ असताना आणि फळे धरण्याआधी करावे. हातमोजे जाड असावेत, कारण खोडावरचे बारीक काटे साध्या कापडातून आरपार जातात.

उलटी ठेवलेली झुडपे पावसाळाभर वाळतात आणि दिवाळीला त्यांचे उत्तम सरपण तयार होते. जंगलात ती तशीच सोडून देतात. वणव्याच्या टेकडीवर मात्र ती डिसेंबरच्या आत हलवलीच पाहिजेत. रस्त्यापर्यंत ओढून आणून कापणी यंत्रातून भुगा करावा. ते शक्य नसेल तर ओघळींमध्ये आडवी दाबून, वर दगड ठेवून माती अडवणारे छोटे बांध करावेत. मी पाहिलेल्या एका ठिकाणी स्वयंसेवकांनी तोडलेल्या घाणेरीचा डोंगर टेकडीवरल्या एकुलत्या एका जुन्या साळईखाली रचला होता. सावलीत काम करणे सोयीचे म्हणून तेथे ढीग झाला, उचलायचे राहिले आणि मार्चमध्ये आग आली. साळईची साल जाड असते, ती गवताच्या पुष्कळ आगी सोसते. तो ढीग तिला सोसला नाही.

अर्धा एकर एकदम हातात घेण्याचा मोह टाळावा. दाट रानाच्या मधोमध न जाता, कडेला जेथे तुरळक झुडपे नुकतीच शिरू लागली आहेत तेथून सुरू करावे आणि दाटीकडे सरकत जावे. एका पावसाळ्यात जेवढे पुढची तीन वर्षे राखता येईल तेवढेच काढावे, कारण जमिनीत पडून असलेले बी उघडीप मिळताच उगवते. पक्षी जेथे बसतात त्या झाडांखाली घाणेरीची रोपे हमखास दिसतील. सप्टेंबरात ती दोन बोटांनी उपटता येतात, दोन वर्षांनी त्यांनाच कुदळ लागते. मोकळ्या झालेल्या जागी पहिल्याच पावसात स्थानिक गवताचे बी पसरावे आणि निरगुडी, करवंद, हेंकळ यांसारखी झुडपे लावावीत. दाट करवंदी असलेल्या जागेत घाणेरीला शिरणे जड जाते, शिवाय तिच्यामुळे मुलांना मे महिन्यात टेकडीवर येण्याचे निमित्त मिळते.

प्रश्न : माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. आमच्याकडे दर उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जमीन भाजून घेण्यासाठी राब भाजत असत आणि त्यातून कधी डोंगर पेटल्याचे मला आठवत नाही. टेकडीवरचे गवतही थंडीत आपणच जाळून टाकले तर उन्हाळ्यातला मोठा वणवा टळणार नाही का? (डोंबिवली)

उत्तर : आपला प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे आणि त्याचे उत्तर सरळ नकारार्थी देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

राब आठवून पाहा. भाताच्या तरव्यापुरता एक तुकडा, त्यावर शेण, कवळाच्या वाळलेल्या फांद्या, पाने, गवत आणि वरून माती असे थर. भोवतालचा कडा आधी साफ केलेला. वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूने लावलेली काडी आणि घरची चार माणसे हिरवे डहाळे घेऊन उभी. सरपण बाहेरून आणून मोजके घातलेले असते आणि त्याची हद्द ठरलेली असते. टेकडीवर यांपैकी एकही गोष्ट आपल्या हाती नसते : सरपण सलग, उतार चढा, वारा दुपारी दिशा बदलणारा आणि पायथ्याशी वस्ती.

तरीही लवकरची, हलकी आग आणि उशिराची, भडकलेली आग यांत मोठा फरक असतो, हे खरे आहे. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरांतले सोलिगा लोक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला जमिनीवरचा पाचोळा हलक्या आगीने जाळत असत. त्या भागाला संरक्षण मिळाल्यावर ही रीत बंद झाली आणि त्यानंतर घाणेरी बेसुमार पसरली असे ते सांगतात. तेथे काम केलेल्या अभ्यासकांनीही ते म्हणणे गांभीर्याने घेतले आहे. घाणेरीची रोपे लहान असतानाच त्या हलक्या आगीत मरत असत, असा त्यामागचा तर्क आहे. मात्र जेथे घाणेरी आधीच डोक्याएवढी वाढली आहे तेथे हाच उपाय उलटतो. एका डोंगराचे शहाणपण दुसऱ्या डोंगरावर उचलून नेता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे आणि हेतू चांगला होता हा त्यावरचा बचाव नाही. आपल्या भागात नियंत्रित जाळणी उपयोगी पडेल असे वाटत असेल, तर तसे पत्र वनखात्याला पावसाळ्यातच द्यावे आणि काम त्यांच्या माणसांकडून होऊ द्यावे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर शहराच्या टेकडीवर विळ्याने जे काम होते ते काडीने करण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या टेकडीवर मैलभर केवळ गिरिपुष्प आहे. त्याखाली काहीच उगवत नाही, पक्षीही दिसत नाहीत. परदेशी आहे तर सगळे एकदम तोडून देशी झाडे का लावू नयेत? (पाषाण, पुणे)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात म्हणून स्पॅनिश भाषेत त्याला ‘कोकोची आई’ म्हणतात. बी आणि साल उंदरांना मारण्यासाठी वापरत असल्यामुळे त्याचे लॅटिन नावही त्याच अर्थाचे आहे. फांदी खोचली तरी जगते, गुरे सहसा खात नाहीत, उघड्या मुरमात वाढते आणि जळाले तरी बुडातून फुटते, या गुणांमुळे वनीकरणाच्या मोहिमांमध्ये ते टेकड्याच्या टेकड्या भरून लावले गेले. उजाड उतार लवकर हिरवा दिसावा हा त्यामागचा उद्देश होता आणि तो सफल झाला, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

वणव्याचा विचार करता मात्र गिरिपुष्प घाणेरीइतके वाईट नाही. त्याची पाने नत्रयुक्त असल्याने लवकर कुजतात आणि दाट सावलीत गवत कमी असते, त्यामुळे तेथे आगीला पळायला फारसे काही मिळत नाही. सगळी झाडे एकदम तोडली तर उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्या पावसात काय येईल? आपण लावलेली देशी रोपे गुडघ्याएवढी होण्याआधी घाणेरी आणि उंच गवत आलेले असेल, आणि मार्चमध्ये ते रोपांसकट जळेल. म्हणजे परदेशी झाड काढण्याच्या नादात आपण वणव्याला जागा करून देऊ.

काम खिडक्या पाडल्यासारखे करावे. दाट गिरिपुष्पात दहा-पंधरा पावलांची एक मोकळी जागा, तेथील झाडे बुडापासून कापलेली, आणि त्या खिडकीत धावडा, मेडशिंग, पांगारा, आपटा, हिवर अशी या मुरमाड जमिनीत मुळात होती ती झाडे. कापलेल्या बुडख्यांना वर्षातून तीन-चार वेळा धुमारे फुटतील. ते प्रत्येक वेळी हाताने मोडावेत आणि पाला त्याच रोपांच्या आळ्यात खत म्हणून दाबावा. मात्र दिवाळीनंतर तेथे पाला ठेवू नये, त्याचे कारण पहिल्या उत्तरात आले आहे. दोन-तीन वर्षांत बुडखे थकतात. तोवर भोवतीच्या गिरिपुष्पाची सावली रोपांना उन्हापासून जपते. पुढच्या वर्षी शेजारी नवी खिडकी.

परवानगीचा प्रश्न राहतोच. जमीन वनखात्याची असेल तर त्या खात्याची परवानगी लागते. महापालिकेच्या किंवा खासगी जागेत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. झाड परदेशी आहे एवढ्याने ते विनापरवाना तोडता येत नाही.

प्रश्न : गाजरगवत आणि ती केशरी-पिवळी कॉसमॉसची फुले यांचाही वणव्याशी संबंध आहे का? (वारजे, पुणे)

उत्तर : थोडा आहे. दोन्ही वर्षायू आहेत, पावसाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात त्यांचे वाळके खोड उभे राहते. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, हा मान आपल्या शहराने मिरवण्यासारखा नाही. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतून आणलेला भुंगेरा १९८४ पासून भारतात सोडला गेला आणि पावसाळ्यात तो पाने कुरतडताना आजही दिसतो. असे भुंगेरे दिसले तर ती झाडे उपटू नयेत. बाकीची झाडे फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावीत, कारण त्यांच्या स्पर्शाने पुष्कळांना त्वचेचा त्रास होतो. कॉसमॉसचेही तसेच. सप्टेंबरात त्याच्या ताटव्यात उभे राहून छायाचित्र काढायला हरकत नाही, पण बी धरण्याआधी ते उपटायला माणसे मिळत नाहीत, ती बहुधा छायाचित्रे काढून घरी गेलेली असतात.

प्रश्न : आमच्याजवळच्या सार्वजनिक बागेत झाडलोट करून पानांचे ढीग संध्याकाळी पेटवतात. तक्रार केली तर ‘नाहीतर वणवा लागेल’ असे उत्तर मिळते. (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : पाने बागेच्या कडेपासून आणि कुंपणापासून दूर करणे योग्य आहे, पेटवणे योग्य नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार बंदी आहे आणि पालापाचोळा त्यात येतो. चार बाय चार फुटांचे जाळीचे हौद करून त्यात पाने दाबावीत आणि आठवड्यातून एकदा पाणी मारावे. पुढच्या पावसाळ्यात बागेलाच खत मिळेल.

प्रश्न : टेकडीवर फिरताना वणवा दिसला तर नागरिकाने प्रत्यक्ष काय करावे? उपग्रहावरून वनखात्याला आपोआप समजते असे ऐकले आहे. (बावधन, पुणे)

उत्तर : समजते, पण टेकडीच्या मानाने उशिरा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून आगीचे इशारे पाठवते आणि सामान्य नागरिकालाही त्यासाठी मोफत नोंदणी करता येते. मात्र त्यातल्या सूक्ष्म समजल्या जाणाऱ्या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो आणि उपग्रह दिवसातून मोजक्या वेळीच डोक्यावरून जातात. गडचिरोली किंवा मेळघाटसारख्या विस्तीर्ण जंगलात ही सोय फार मोलाची आहे. पुण्यातल्या टेकडीवरची गवताची आग दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लागून विझूनही जाते. म्हणून फोन आपणच करावा : वनखात्याची मदतवाहिनी १९२६, अग्निशमन दल १०१, किंवा ११२. ‘टेकडीवर आग आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या बाजूने गाडी वर येऊ शकते, जवळची खूण कोणती, आग चढावर जाते आहे की उतारावर आणि वारा कोणीकडचा, या चार गोष्टी सांगाव्यात. पाण्याची गाडी बहुतेक पायवाटांवर चढत नाही, त्यामुळे माणसांना कोठून चालत यावे लागेल हे कळणे महत्त्वाचे असते.

आगीच्या वरच्या बाजूला, चढावर, कधीही उभे राहू नये, आणि दोन उतारांच्या मधल्या घळीत तर मुळीच नाही, कारण घळ चिमणीसारखी धूर आणि ज्वाळा वर ओढते. निसटायचे झाल्यास बाजूने, आडवे जावे आणि शक्य तर आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर यावे; तेथे पुन्हा जळण्यासारखे काही उरलेले नसते. नायलॉनचे आणि पॉलिस्टरचे कपडे वितळून अंगाला चिकटतात. फिरायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर तेच असतात, म्हणून त्यांनी आगीच्या जवळ जाऊच नये.

ज्वाळा गुडघ्याखाली असतील, वनरक्षक किंवा अनुभवी माणूस सोबत असेल आणि मागे मोकळी वाट असेल, तरच हिरव्या पानांच्या फांदीने कडेची आग झोडपायला हरकत नाही. झोडपताना फांदी उंच उगारू नये. त्याने ठिणग्या उडून मागचे गवत पेटते. ती जमिनीवर दाबून, जळलेल्या भागाकडे ओढत न्यावी. आग विझली असे वाटल्यावर निदान तासभर तेथे थांबावे. धुमसणारे शेण, कुजका बुंधा, मुंग्यांचे वारूळ यांत विस्तव टिकून राहतो आणि संध्याकाळचा वारा सुटला की त्यातूनच दुसरी आग लागते. हाताची पालथी बाजू बुंध्याजवळ नेऊन धग तपासावी, संशय आला तर काठीने उकरून माती टाकावी आणि मगच खाली उतरावे.